येझदीची पहिली दिवाळी

मोटारसायकलीचा दिवाळसण करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आमचे घरमालक नागोजीराव. कोणाला सांगितलं की लोक हसतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीसुद्धा खो-खो हसले होते. आता मात्र कोणी हसलं की माझं डोकं फिरतं, म्हणून आधीच सांगून ठेवते.

मी मूळची इचलकरंजीची. माझ्या नवऱ्याला, आशिषला, ओरगडमच्या एका कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही चेन्नईत आलो. माझं ऑफिस नुंगंबाक्कमला. अड्यारमध्ये घर शोधत एका गल्लीत भांडत उभे होतो, म्हणजे मी भांडत होते आणि आशिष उभा होता, तेव्हा समोरच्या दारात कोलम, म्हणजे तिकडची रांगोळी, काढणाऱ्या बाईंनी मान वर केली आणि विचारलं, "तुम्ही मराठी की काय?" मी थक्कच झाले. मराठी तर होतं, पण असलं मराठी मी बापजन्मात ऐकलं नव्हतं. 'सगळं' म्हणायचं तर त्या 'अस्की' म्हणायच्या, आणि प्रत्येक वाक्याला तमिळ हेल. तंजावूरची माणसं ही. पिढ्यान् पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेली, बाहेर तमिळ, घरात मराठी. त्या कामाक्षीअक्का. त्यांनी त्याच दिवशी आम्हाला वरचा मजला भाड्यानं दिला. चौकशी नाही की काही नाही, मराठी बोलतो एवढंच त्यांना पुरलं. तेव्हा मला त्याचं फार कौतुक वाटलं होतं.

नागोजीराव विमा कंपनीत कारकून होते. आयुष्यभर लोकांच्या मरणाचे दावे तपासले आणि घरी येऊन मेलेल्या मोटारसायकली जिवंत केल्या. हे वाक्य त्यांचंच, माझं नाही. घरामागं पत्र्याची शेड होती. तिथं कुणाच्या गोठ्यातून, कुणाच्या गच्चीवरून, नाहीतर पुदुपेट्टैच्या भंगारबाजारातून आणलेलं एखादं धूड पडलेलं असायचं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी आशिषला म्हटलं, हे आता उकिरड्यावर टाकायचं की काय? वर्षभरानं तेच धूड राजदूत होऊन अंगणात उभं होतं आणि गल्लीतली माणसं फोटो काढत होती. घाई म्हणून माहीत नाही माणसाला. एक स्क्रू गंजलेला असेल तर चार दिवस त्याला रॉकेल पाजत बसतील, पण हातोडा मारणार नाहीत.

पण गाडी पूर्ण व्हायची ती अक्कांच्या हातून. रंग मारून झाला की टाकीवर सोनेरी रेघ ओढायची असते, बारीक, टाकीच्या वळणाबरोबर वळत जाणारी. इतर कारागीर चिकटपट्टी लावून ती रेघ मारतात. अक्का नुसत्या हातानं ओढायच्या. रोज पहाटे दारात कोलम काढणारा हात तो. आधी ठिपका द्यायचा, मग रेघ त्याच्याभोवती फिरवून परत तिथंच आणून मिटवायची. उघडी रेघ सोडायची नाही, त्यातून लक्ष्मी निघून जाते म्हणे. टाकीवरही त्या तसंच करायच्या. मागं, सीटच्या टोकाखाली, एक सोनेरी ठिपका द्यायच्या, तिथून रेघ सुरू करायच्या आणि सगळी टाकी फिरून तिथंच आणून मिटवायच्या. सीटवर बसणाऱ्याला तो ठिपका कधी दिसायचा नाही. मला त्यांनी दाखवला होता, वाकून, लहान मुलीसारखं हसत. नागोजीरावांना माहीत होता. बाकी कोणाला नाही.

एवढी जिवापाड केलेली गाडी मग विकायची. मी एकदा फटकन विचारलं, विकायची कशाला मग? तर म्हणाले, "रस्त्यावर चालली पाहिजे, श्रीदेवी. शेडमध्ये कोंडून काय करायचं?" बोलायला सोपं. गाडी गेली की आठ-आठ दिवस जेवण नीट जायचं नाही. तिरुचीच्या डॉक्टरला दिलेल्या बुलेटचं तर त्यांनी इतकं मनाला लावून घेतलं की सांबारात मीठ कमी पडलं तरी म्हणायचे, ती बुलेट द्यायला नको होती. अक्का म्हणायच्या, मीठ मी विसरले, बुलेटीचं काय मध्येच?

म्हणून त्यांनी दिवाळसण काढला. आपल्याकडे लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला लेक-जावई माहेरी येतात, तसं तमिळ लोकांतही आहे, तलै दीपावली म्हणतात. नागोजीरावांची अट एकच. विकत घेणाऱ्यानं पहिल्या दिवाळीच्या सकाळी गाडी चालवत त्यांच्या दारात आणायची. अक्का गाडीला ओवाळणार, टाकीला कुंकू लावणार. घेणाऱ्याला नवी वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, शर्ट, फराळ. नागोजीराव गिअरबॉक्सचं ऑईल बदलणार, प्लग साफ करणार, टाकी भरून देणार. मग गाडी कायमची त्याची. कागद नाही, सही नाही, नुसता शब्द. आणि गंमत म्हणजे लोक यायचे हो! तिरुचीचा डॉक्टर रात्रभर गाडी चालवून आला होता. कांचीपुरमचे एक मास्तर बायकामुलांना बसनं पाठवून स्वतः राजदूतवर आले. हॉलमध्ये त्या सगळ्या जावयांचे फोटो लावलेले होते, गाडीशेजारी नवी वेष्टी नेसून उभे असलेले. मी अक्कांना चिडवायचे, तुम्हाला पोरगी एकच, ती अमेरिकेत, आणि जावई बघा किती.

मग दोन गोष्टी झाल्या. अक्कांचा हात थरथरायला लागला. आधी उजवा, मग दोन्ही. डॉक्टरांनी मोठं नाव सांगितलं, औषध सांगितलं, आणि हे बरं होत नसतं हेही सांगितलं. त्याच सुमारास जुनं घर पाडून तिथं फ्लॅट उभे राहिले. यांना दोन मिळाले. एकात ते, त्यांच्याच डोक्यावर दुसऱ्यात आम्ही. शेड गेली. खाली एका फ्लॅटला एकच गाडी लावायची जागा, आणि आमच्या जागेत तर आशिषची कार. नागोजीरावांच्या जागेत त्यांची शेवटची गाडी होती, पंचाहत्तर सालची मरून रंगाची येझदी. हात जायच्या आधी अक्कांनी ओढलेली शेवटची रेघ तिच्यावर होती. ती ओढायला त्यांना अख्खा दिवस लागला होता. थरथर थांबेपर्यंत थांबायचं, वीतभर ओढायचं, पुन्हा थांबायचं. मी बघितलंय ते, स्वतःच्या डोळ्यांनी.

अक्कांना दवाखान्यात न्यायला कार हवी, असं नागोजीरावांनी ठरवलं. म्हणजे जागा हवी. म्हणजे येझदी जाणार. अक्का म्हणाल्या, रिक्षा आहेत की गावभर, मला नको तुमची कार. त्यांचं कोणी ऐकलं नाही. तुझ्याच भल्यासाठी करतोय, असं नागोजीराव म्हणाले आणि विषय मिटवला. माझ्या मनात तेव्हाच आलं होतं की माणूस चांगला आहे, पण बायकोचं भलं बायकोला न विचारता ठरवतो.

येझदी मागितली ती मधुसूदननं. आता हा कोण, तर नागोजीरावांचा कुंभकोणमच्या कॉलेजपासूनचा मित्र. तोही तंजावूरचाच मराठी. गाड्यांच्या सुट्या भागांचं मोठं दुकान, गोड बोलणं, बोटात अंगठ्या. दर रविवारी इडली खायला यायचा. अक्का त्याला मधुदादा म्हणायच्या, दर भाऊबीजेला ओवाळायच्या. इतर कोणी गिऱ्हाईक आलं की नागोजीराव त्याची उलटतपासणी घ्यायचे. गाडी कुठं लावणार, किती चालवणार, पावसात काय करणार? एकाला तर त्यानं चप्पल घालून किक मारली म्हणून परत पाठवला होता. मधुसूदनला एक प्रश्न विचारला नाही. तो मराठीत म्हणाला, तुझी पोर माझ्या घरी आली तर ती माहेरीच आहे असं समज. झालं. अक्कांनी फक्त एवढं विचारलं, "दिवाळीला आणाल ना, दादा?" त्यानं गळ्याची शपथ घेतली. मला तो माणूस कधीच आवडला नव्हता, पण माझं कोण ऐकतंय?

गाडी चित्रै महिन्यात गेली, आपल्या चैत्राच्या सुमाराला. त्यानंतर अक्कांचं एकच. बोलता बोलता मध्येच थांबून विचारायच्या, दिवाळी कधी आहे गं यंदा? हात आणखी बिघडत चालला होता. दारातला कोलम बंद झाला, कामवाली तयार कागदी कोलम चिकटवायला लागली. मी एकदा खाली डबा घेऊन गेले तेव्हा त्या हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. म्हणाल्या, एकदा त्या रेघेवर बोट फिरवायचंय, म्हणजे पटेल की हा हात माझाच होता. मी काहीबाही बोलून वेळ मारून नेली.

नागोजीराव अधूनमधून फोन करायचे, येऊ का बघायला? मधुसूदनकडे दर वेळी नवं कारण तयार. दुकानात काम, फार्महाऊसवर ठेवलीय, पोरगा फिरायला घेऊन गेलाय. रविवारची इडलीही बंद झाली. मी नागोजीरावांना म्हटलं, काहीतरी पाणी मुरतंय. ते माझ्यावरच चिडले. आमच्यातला माणूस आहे तो, म्हणाले. मी म्हटलं, बरं बाबा, तुमच्यातला.

दिवाळी आली. चेन्नईत नरकचतुर्दशीचीच दिवाळी, अंधार असतानाच अभ्यंगस्नान, आणि भेटेल त्याला एकच प्रश्न, गंगास्नान झालं का? मी चकली-शंकरपाळ्यांचा डबा घेऊन खाली आले. अक्का गाड्यांच्या जागेत खुर्चीवर बसलेल्या, अंगावर खणासारख्या रंगाची कांजीवरम, केसात मोगरा. कार बाहेर रस्त्यावर काढून ठेवलेली, जागा झाडून धुतलेली. ताटात निरांजन, कुंकू, शेजारी नवी वेष्टी. मी चिडवलं, जावई फार म्हातारा आहे हो तुमचा. त्या इतक्या हसल्या की मला बरं वाटलं.

गल्लीच्या तोंडाशी येझदीचा आवाज आला. नागोजीराव काडी पेटवत होते. त्यांचा हात तिथंच थांबला. काडी बोटापर्यंत जळत आली तेव्हा त्यांनी ती टाकली. मला वाटलं, भरून आलं असेल माणसाला. मग त्यांनी दुसरी काडी ओढली आणि निरांजन लावलं.

मधुसूदन गाडीवरून उतरला. मरून रंग, सोनेरी रेघ, चकाचक. हातात मिठाईचा मोठा डबा. कशी आहे तुझी पोर, असं मोठ्यानं म्हणाला. नागोजीरावांनी मान हलवली आणि म्हणाले, छान ठेवलीस. त्यांनी अक्कांना हात धरून उठवलं, ताटाला खालून आधार दिला, आणि दोघांनी मिळून ओवाळलं. आता कुंकू. अक्का पुढं झाल्या, पण कुंकवात बोट घालण्याआधी त्यांनी ते रेघेवर ठेवलं. हळूहळू मागं नेत नेत सीटच्या टोकापाशी आल्या. वाकल्या. बोट तिथंच फिरत राहिलं.

"हे माझं हात नव्हे, दादा," त्या म्हणाल्या.

मधुसूदन हसला. पॉलिशवाल्यानं जरा नवा रंग मारला असेल, म्हणाला. अक्कांनी पुन्हा बोट फिरवलं आणि शांतपणे सांगितलं की या रेघेला चिकटपट्टीची धार लागते, आणि माझा ठिपका नाही. ठिपका म्हणजे काय ते त्याला कळलंच नाही. तो नागोजीरावांकडे बघायला लागला, सांभाळून घे म्हणून. नागोजीरावांनी त्याला एवढंच विचारलं, ती कुठंय?

मग निघालं सगळं. गाडी नेली त्याच महिन्यात त्यानं पुदुच्चेरीच्या एका हॉटेलवाल्याला विकली होती. विकली होती म्हणजे काय, आधीच ठरवून मग मागायला आला होता! तिथं दारातच काचेच्या पेटीत उभी आहे, इंजिन काढून, आत रंगीत दिवे सोडून. चालायची नाही ती आता कधी. आणि ही दारातली? ही पल्लावरमच्या एका माणसाची, एका दिवसासाठी मागून आणलेली. कामाक्षीला बरं वाटावं म्हणूनच आणली रे, असं तो म्हणत राहिला. सणाच्या दिवशी तिला दुखवायचं कशाला?

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी इचलकरंजीच्या भाषेत त्याला जे काही ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. दर भाऊबीजेला जिच्याकडून ओवाळून घेतो तिचाच केसानं गळा कापतोस आणि वर तिच्याच नावानं पुण्य मिरवतोस, हे त्यातलं त्यातल्या त्यात बरं वाक्य. आशिष जिन्यावरून मला हाक मारत होता. मी थांबले नाही.

थांबले ती नागोजीरावांमुळे. ते पान्हे घेऊन गाडीपाशी खाली बसले होते. गिअरबॉक्सचं जुनं ऑईल काढलं, नवं घातलं. प्लग काढून घासला, परत बसवला. पेट्रोलमध्ये मापानं ऑईल मिसळून टाकी काठोकाठ भरली. फडक्यानं टाकी पुसली. सगळं झाल्यावर त्यांनी गाडी ढकलत फाटकापर्यंत नेली आणि हँडल मधुसूदनच्या हातात दिलं.

"हिला हिच्या माहेरी नेऊन सोड," ते म्हणाले. "तिथंही कोणीतरी वाट बघत असेल. आणि आता आमच्याकडे येऊ नको."

तो गेला. वेष्टी खुर्चीवर तशीच राहिली, मिठाईचा डबा मी त्याच्या मागं रस्त्यावर भिरकावला. गल्लीतल्या फटाक्यांच्या आवाजात येझदीचा आवाज बुडून गेला. मी नागोजीरावांना म्हटलं, तुम्ही त्याला एक शब्द विचारला नव्हता गाडी देताना, का? ते हात पुसत म्हणाले की आपल्या भाषेत मागितली त्यानं, मग काय विचारायचं? मला पहिल्याच दिवशी चौकशी न करता मिळालेला वरचा मजला आठवला.

अक्का अजून उभ्याच होत्या. निरांजन विझलं होतं.

"तुम्हाला कधी कळलं?" त्यांनी नागोजीरावांना विचारलं.

त्यांनी खोटं सांगितलं नाही, एवढं मी म्हणेन. गल्लीच्या तोंडाशीच कळलं, म्हणाले. आपल्या येझदीचा तो आवाज नाही.

"तरी ताट धरलंत माझ्याबरोबर."

नागोजीराव खाली बघत म्हणाले, "तुला बरं वाटावं म्हणून."

हेच शब्द मघाशी दुसऱ्या माणसाच्या तोंडून ऐकले होते. त्यांनाही ते कळलं असणार, कारण त्यांचा चेहरा पडला. अक्कांनी दोन्ही हात पदराखाली घेतले. त्यांचा आवाज अजिबात थरथरत नव्हता.

"मधुदादानं फसवलं ते फसवलं, तो परका. तुम्ही का?"

मी तर त्या दिवशी कोणाशीही भांडायच्या तयारीत होते, पण आता भांडायला समोर कोण होतं? माझा फराळाचा डबा मी जिन्याच्या पायरीवर ठेवला आणि वर निघून आले.

ती येझदी अजून काचेत आहे. नागोजीरावांनी कार विकून टाकली, पुदुच्चेरीला दोन खेपा केल्या, हॉटेलवाला ऐकत नाही. खालची जागा रोज झाडून रिकामी ठेवलेली असते. अक्का रिक्षानं दवाखान्यात जातात, नागोजीराव शेजारी बसतात. त्या त्यांना जेवायला वाढतात, औषधाची वेळ विचारली की सांगतात. दिवाळी कधी आहे, हे मात्र आता कोणालाच विचारत नाहीत.